गोव्यात राहतो. नऊ वर्षं जुनं ओमेगा ऑटोमॅटिक घड्याळ अजून अचूक चालतंय, एकदाही उघडलेलं नाही. सर्व्हिसिंग करावं का?

हो, करून घ्या. वेळ बरोबर दाखवतंय म्हणजे आतून सगळं ठीक आहे असं नाही. ओमेगा स्वतः ५ ते ८ वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग सुचवते. तेल सुकलं की चक्रांच्या आसांची टोकं कोरडी घासत राहतात, आणि घड्याळ मागे पडू लागेपर्यंत झीज झालेली असते. म्हापशात मी घड्याळदुरुस्तीच करतो. आपल्या हवेत तेलाइतकीच काळजी वाटते ती रबरी गॅस्केटची (पाणी अडवणाऱ्या कडीची), मागच्या झाकणाखालची आणि चावीतली (वेळ लावायच्या बाजूच्या बटणातली). समुद्रात नेलेलं घड्याळ उघडलं की झाकणाच्या खाचेत मीठ आणि घामाचा काळपट थर सापडतो, आणि तो खरवडला की खाली स्टीलला बारीक खड्डे पडलेले. म्हणून:

- दर मे महिन्यात, पावसाआधी, वॉटरप्रूफ टेस्ट करून घ्या.
- समुद्रातून आलात की चावी घट्ट बंद आहे ना ते बघून गोड्या पाण्याने धुवा.
- काचेआड वाफ धरली तर तांदळात ठेवत बसू नका, त्याच दिवशी उघडायला द्या. गंज थांबत नाही.

चामडी पट्टा पावसाळ्यात काढून ठेवलेलाच बरा, बुरशी धरतो.

मात्र सर्व्हिसिंगला देताना पॉलिश नको असं पावतीवर लिहून घ्या. प्रत्येक पॉलिशला केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डबीचा, धातू थोडा जातो, कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. ओरखडे राहू देत.