पेठेतील अरुंद घरात उजेड आणताना

शिवाजी पेठेतील आपले घर दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेले असल्यामुळे उजेड केवळ समोरून, मागून किंवा वरून येऊ शकतो. मंगलोरी कौलांत काही काचेची कौले बसवणे स्वस्त पडते, मात्र एप्रिलचे ऊनही तिथूनच उतरते. माझ्या मते जिना मधल्या अंधाऱ्या खोलीत घ्यावा, त्याच्या पायऱ्यांमधील उभ्या फटी मोकळ्या सोडाव्यात आणि वर काच बसवून तिच्याखाली, बाजूंना, पावसाची झड आत न येऊ देणाऱ्या तिरप्या पट्ट्यांची जाळी ठेवावी. म्हणजे गरम हवा निघून जाते आणि स्वयंपाकघरातून माडीवरच्या मुलांना हाकही ऐकू जाते. सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. गवंडी ‘काही होत नाही’ म्हणेल, त्यावर विसंबू नये.