खोपोलीचं पाणी, मुंबईची वीज

प्रश्न : टाटांचं वीजघर खोपोलीतच का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पायथ्याशी कोकण, म्हणून. कल्पनेमागे जमशेटजी होते, पण ते १९०४ मध्ये गेले. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली १९१५ मध्ये, त्यांचे पुत्र दोराबजींच्या काळात.

वळवण, शिरवटा, लोणावळा इथल्या तलावांचं पाणी ५०० मीटरहून जास्त खाली खोपोलीत उतरतं. ५०० मीटर धरले तरी सेकंदाला एक लिटर म्हणजे हिशेबाने ४.९ किलोवॅट वीज. (प्रत्यक्षात थोडी कमीच.) दाब मात्र चौरस सेंटिमीटरला ५० किलो! मागणी एकदम घटली म्हणून धार झटक्यात बंद केली, तर धक्क्याने पाणी खाली आणणारा मोठा नळ फुटू शकतो. म्हणून पेल्टन चाकावरची (पाण्याच्या धारेने फिरणारं, वाट्या लावलेलं चाक) धार आधी डिफ्लेक्टरने, म्हणजे धारेच्या आड येणाऱ्या पात्याने, बाजूला वळवतात, मग तोटीतली सुई सावकाश मिटवतात.