वाचकांचे प्रश्न : शिडाच्या जहाजाची दोरबांधणी

प्रश्न : मुंबईच्या गोदीत 1817 मध्ये सागवानी लाकडात बांधलेल्या 'ट्रिंकोमाली' या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकेची प्रतिकृती मी 1:72 या प्रमाणात करीत आहे. दोरांची जाडी कशी ठरवावी आणि बांधणी कोठून सुरू करावी?

उत्तर : जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली घडलेले हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाहता येते, त्यामुळे आपली निवड फार चांगली आहे. जुन्या कागदपत्रांत दोराचे माप व्यासाचे नसून परिघाचे असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे; म्हणजे 9 इंची दोराचा व्यास सुमारे 73 मिलिमीटर भरतो आणि आपल्या प्रतिकृतीत तो 1 मिलिमीटर होतो. हे न जाणता घेतलेला दोरा तिप्पट जाड दिसतो आणि सारी मेहनत बेढब होते.

डोलकाठ्यांना ताणून धरणारे स्थिर दोर डांबर लावलेले असत, म्हणून ते गडद तपकिरी किंवा काळे ठेवावेत. शिडे हलविणारे दोर मात्र फिकट असावेत. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा, कारण सुती दोरा हवेतील ओलाव्याने कमीजास्त ताणला जातो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हा त्रास विशेष जाणवतो. प्रारंभ खालच्या डोलकाठीपासून करावा. बाजूच्या दोरांची पहिली जोडी उजवीकडे पुढे, दुसरी डावीकडे, अशी आलटूनपालटून बांधल्यास काठी एका अंगाला झुकत नाही. पुढे ओढणारा दोर त्यानंतर चढवावा. चढण्याच्या आडव्या दोऱ्या सुमारे 5 मिलिमीटर अंतरावर, सैल हाताने बांधाव्यात.