पीएलसीचा कोर्स जरूर करा, पण त्या ‘एफडी’चा तिसरा हप्ता भरू नका

चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३४, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, हातात येणारा पगार ३८,०००. घरी पत्नी, सहा वर्षांची मुलगी, आई-वडील. कमावणारे हे एकटेच. एका खासगी क्लासचा ‘ॲडव्हान्स्ड पीएलसी मेंटेनन्स आणि ट्रबलशूटिंग’ हा तीन महिन्यांचा, शनिवार-रविवारचा कोर्स त्यांना करायचाय. पीएलसी म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक. फी जीएसटीसह १,२०,०००, ‘शून्य व्याजा’च्या १८ हप्त्यांत. एकरकमी भरली तर १,०५,०००. कोर्स झाल्यावर वर्षभरात पगार ८०,००० होईल, असं क्लासने सांगितलंय. त्यांचा प्रश्न एवढाच, की हप्त्यांनी आत्ताच करू, का पैसे साठवून पुढच्या वर्षी?

पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी जाता जाता लिहिलंय: “सध्या हात आखडलाय, कारण बँकेतल्या दहा वर्षांच्या एफडीचा ९६,००० चा तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. दुसऱ्या हप्त्यासाठी पर्सनल लोन काढलं होतं, त्याचे ३,५०० जातात. या वेळी कंपनीच्या पतपेढीतून उचलणार आहे.”

कोर्सचं नंतर बोलू. आधी हे.

एफडीला हप्ता नसतो. दरवर्षी पैसे मागते ती एफडी नव्हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरच ‘प्रीमियम’ आणि ‘सम ॲश्युअर्ड’ (विम्याची रक्कम) हे शब्द आहेत. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. दहा वर्षं ९६,००० भरायचे आणि विसाव्या वर्षी २० लाख घ्यायचे. दहा वर्षं म्हणजे फक्त भरण्याची मुदत. पैसे मिळायला त्यापुढे आणखी दहा वर्षं. काउंटरवरच्या माणसाने तुम्हाला पहिला आकडा सांगितला आणि दुसरा गाळला.

‘९ लाख ६० हजाराचे २० लाख’ ऐकायला छान वाटतं. हिशेब केला तर परतावा वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. तेच ९६,००० तशीच दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले आणि पुढची दहा वर्षं राहू दिले, तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी २८ लाख होतात. सरकारी हमीच्या, कुठलीही जोखीम नसलेल्या खात्याशी ही तुलना करतोय, शेअर बाजाराशी नाही.

आणि या पावणेपाच टक्क्यांसाठी तुम्ही १६ टक्क्यांनी कर्ज काढलंत. आता दुसरं काढायला निघालात. पतपेढीचा दर कमी असेल, तरी पावणेपाचपेक्षा तो कमी असणार नाही. कर्ज काढून बचत करण्याची वेळ ज्या योजनेमुळे येते, ती योजना तुमच्या पगाराच्या मापाची नव्हतीच. वर्षाला ९६,००० म्हणजे महिन्याला ८,०००, पगाराच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. विकणाऱ्याला तुमचा पगार दिसत होता, खातं त्याच बँकेत आहे. मला राग येतो तो याचा.

‘टॅक्स वाचेल’ असंही तुम्हाला सांगितलं गेलं. तुमचा सगळा मिळून पगार साडेपाच लाखांच्या आसपास. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. जो कर तुम्हाला लागतच नाही, तो वाचवायला तुम्ही वर्षाला ९६,००० देताय.

मग आता काय? तुम्ही म्हणाल, १,९२,००० भरून झालेत, ते बुडवायचे का? त्यातला मोठा भाग आधीच गेलाय. तिसरा हप्ता भरल्याने तो परत येत नाही. विमा कंपनीकडे ईमेलने दोन आकडे मागा: आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर किती मिळतील, आणि पुढचे हप्ते न भरता ती पेड-अप ठेवली तर मुदतीअखेर किती मिळतील. दोन्ही लेखी हवेत, फोनवर नकोत. पॉलिसी १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नियमांखालची असेल तर सरेंडरचा आकडा बरा येईल. मी सावधपणे भरलेल्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी, म्हणजे ६०,००० धरतो.

ते ६०,००० घेऊन पुढचे आठ हप्ते पीपीएफकडे वळवले, तर विसाव्या वर्षी सगळे मिळून २३ लाखांच्या जवळ जातात. पॉलिसी चालू ठेवली तर २० लाख. फरक प्रचंड नाही, हे मी लपवत नाही. पॉलिसीचा मोठा तोटा सुरुवातीच्या दोन वर्षांतच होऊन गेलाय, म्हणून पुढचा भाग त्या मानाने बरा दिसतो. पण पीपीएफमध्ये तुम्ही एखाद्या वर्षी ५०० रुपये भरूनही खातं चालू ठेवू शकता. पॉलिसी तशी सूट देत नाही, म्हणूनच तुम्हाला कर्ज काढावं लागतंय. त्यातून १६ टक्क्यांच्या कर्जाचे साधारण ७२,००० बाकी असतील. सरेंडरचे पैसे आधी तिथे जायला हवेत, कारण १६ टक्के वाचवण्याइतकी खात्रीची दुसरी कमाई तुमच्याकडे नाही. मुदतीआधी फेडण्याचा आकार किती, ते तेवढं विचारून घ्या.

एक गोष्ट उलट क्रमाने करू नका. या पॉलिसीत तुमच्यावर १० लाखांचा विमा आहे. पीएफचे सभासद म्हणून ईडीएलआय या पीएफशी जोडलेल्या विमा योजनेतून घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. चार माणसं तुमच्यावर अवलंबून आहेत आणि तुम्ही रोज ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये हात घालता. १७ लाखांत घर तीन-चार वर्षं चालेल, मुलगी तेव्हा जेमतेम दहा वर्षांची असेल. म्हणून आधी ७५ लाखांचा साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, वयाच्या साठीपर्यंतचा. तंबाखू-सिगारेट नसेल तर वर्षाला साधारण १० ते १३ हजार. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. अर्जात कामाचं स्वरूप खरं लिहा. तपासण्या होऊन ती पॉलिसी हातात पडली की मग जुनी सोडा. वार्षिक हप्त्याची तारीख उलटल्यावरही ३० दिवस संरक्षण चालू असतं, तेवढ्यात हे बसतं. अर्ज याच आठवड्यात करा.

शिवाय तक्रार करा. ‘एफडी आहे’ असं त्या माणसाने व्हॉट्सॲपवर लिहिलेलं असेल तर तो मेसेज जपा. आधी बँक आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी, मग विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. तुमची सही आहे आणि पडताळणीच्या फोनवर तुम्ही ‘हो’ म्हणालात, त्यामुळे जिंकालच असं सांगत नाही. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हप्ते भरत राहायची मात्र गरज नाही.

आता कोर्स. शिकण्याची तुमची इच्छा अगदी योग्य आहे आणि तिच्यावर पैसे घालायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती किमतीला आणि ८०,००० च्या आश्वासनाला.

‘शून्य व्याज’ आधी बाजूला करू. रोख १,०५,०००, हप्त्यांनी १,२०,०००. हे १५,००० म्हणजेच व्याज, आणि दर बसतो १७ टक्क्यांच्या वर. कर्ज क्लास देत नाही, एक वित्त कंपनी तुमच्या नावावर देते. क्लास आवडला नाही किंवा बंद पडला, तरी हप्ता तुमच्याकडेच राहतो.

तुमच्या जुन्या लाइनवर सीमेन्सचा एस७-३०० हा पीएलसी आहे, नव्या दोन लाइनवर एस७-१५००. म्हणजे एकीकडे जुनं सिमॅटिक मॅनेजर हे सॉफ्टवेअर, दुसरीकडे नवं टीआयए पोर्टल. पीएलसीचं काही निघालं की बाहेरचा इंजिनिअर येईपर्यंत लाइन उभी राहते, हे तुम्हीच लिहिलंय. तुमची किंमत वाढणार ती इथे. प्रमाणपत्राने नाही, रात्रपाळीला लाइन लवकर सुरू केल्याने.

म्हणून डेमोला जाऊन बघा. शिकवणारा चालू रॅकवर मुद्दाम बिघाड घालून देतो का? एसएफ (सिस्टिम फॉल्ट) आणि बीएफ (बस फॉल्ट) चा लाल दिवा लागल्यावर डायग्नोस्टिक बफर, म्हणजे पीएलसीतली बिघाडांची नोंद, वाचायला लावतो का? प्रोफिबसचा (यंत्रांना जोडणाऱ्या केबलच्या जाळ्याचा) टर्मिनेटर मधल्याच कनेक्टरवर चालू ठेवून ‘शोधा’ म्हणतो का? प्रोफिनेटचं बदललेलं मॉड्यूल नाव दिल्याशिवाय का बोलत नाही, ४-२० मिलीॲम्पचा सिग्नल ४ च्या खाली गेला म्हणजे वायर तुटली असेल हे कसं ओळखायचं, पीएलसीतला प्रोग्राम उतरवून जुन्या बॅकअपशी कसा ताडायचा, हे हाताने करून घेतो का? एका किटवर किती जण? बिघाड बहुतेक वेळा प्रोग्रामात नसतो, तो प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये, केबलमध्ये किंवा २४ व्होल्टच्या सप्लायमध्ये असतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. सिग्नलचे दिवे आणि लिफ्ट यांचे सरावाचे लॅडर प्रोग्राम लिहायला लावणारा क्लास कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी आहे. तुमच्या दहा वर्षांच्या अनुभवाला त्याचा उपयोग नाही. पाच कंपन्यांचे पीएलसी, स्काडा आणि ड्राइव्ह तीन महिन्यांच्या सुट्ट्यांमध्ये, म्हणजे प्रत्येकाची फक्त तोंडओळख.

पगारवाढ मी महिन्याला ५,००० धरतो, तीही नोकरी बदलली किंवा जबाबदारी वाढली तर. १,२०,००० वसूल व्हायला दोन वर्षं. तीस हजारांचा कोर्स असेल तर सहा महिने. केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाचं छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम आणि मुंबईची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था इथे ऑटोमेशनचे छोटे कोर्स विचारा. टीआयए पोर्टलची २१ दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. कोर्सच्या आधीच ती लावून बसा.

त्याही आधी मॅनेजरकडे जा. गेल्या वर्षी बाहेरचा इंजिनिअर किती वेळा आला, त्याला काय दिलं आणि लाइन किती तास उभी होती, हे एका कागदावर मांडा आणि फी कंपनीने भरावी असं मागा. बदल्यात एक-दोन वर्षं थांबायचा करार मागतील. तो चालेल, फक्त मधे सोडलं तर किती परत द्यायचे ते वाचून सही करा.

पॉलिसीचे ८,००० आणि कर्जाचे ३,५०० मोकळे झाले की महिन्याला ११,५०० सुटतात. टर्म विम्याचे हजार वजा करा. कंपनीने नाही म्हटलं, तर तीन महिन्यांत कोर्सची फी रोख उभी राहते, कर्जाशिवाय. त्यानंतरचे नऊ-दहा महिने सगळी रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला, खात्यात लाखभर जमेपर्यंत. मुलीच्या नावाची गुंतवणूक त्यानंतर. पीएफला हात लावू नका.

पतपेढीचा अर्ज दिला असेल तर मागे घ्या. विमा कंपनीचे दोन्ही आकडे आले की मला पाठवा. पेड-अपची रक्कम सरेंडरच्या पाचपटीहून जास्त निघाली, तर सरेंडर न करता पॉलिसी तशीच ठेवून कर्ज दरमहाच्या ८,००० मधून फेडायचा हिशेब मी मांडून देईन. तिसरा हप्ता मात्र त्याही हिशेबात नसेल.