आजोबांचा टांगा आणि चार घोड्यांची बग्गी

(मिरजेची बारावीतली विद्यार्थिनी लिहिते: आजोबा टांगा चालवायचे, साज अजून जपून ठेवलाय. चार घोड्यांच्या बग्गीची स्पर्धा मोबाइलवर पाहिली. हा खेळ आला कुठून? यात करिअर होईल का? बाबा म्हणतात, आधी 'नीट' (NEET) ही प्रवेशपरीक्षा दे.)

प्रिय मुली,

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे.

युरोपात गाड्या हाकण्याच्या चढाओढी जुन्या; सर्व देशांना लागू होणारी नियमावली मात्र 1969 मध्ये आकाराला आली. पुढाकार होता आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष, ब्रिटनचे प्रिन्स फिलिप यांचा. साचा घेतला तो घोडेस्वारीतल्या तीन दिवसांच्या 'इव्हेंटिंग'चा. म्हणून इथेही तीन कसोट्या. ड्रेसाजमध्ये घोड्यांची चाल आणि शिस्त बघतात. मग मॅरेथॉन: लांबचा रस्ता, वाटेत पाणी, खांब, अवघड वळणं. मागे उभे असलेले साथीदार अंगाचा भार टाकून गाडी तोलतात, त्यांच्यावाचून ती उलटू शकते. शेवटी शंकूंच्या जोड्यांमधून गाडी काढायची. जागा चाकांहून जेमतेम जास्त, शंकूवरचा चेंडू पडला की तीन दंडगुण.

1971 मध्ये बुडापेस्टला युरोपीय स्पर्धा झाली, 1972 मध्ये जर्मनीत म्युन्स्टरला पहिली जागतिक. पुढे 1974 ते 1980 या काळातली चारही वैयक्तिक जागतिक विजेतेपदं हंगेरीच्या चालकांनी नेली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नियम राजवाड्यातून आले, पण जिंकले ते घोड्यांत मुरलेल्या देशाचे लोक. आणि वयाची काळजी नको, फिलिप स्वतः पोलो सोडून पन्नाशीनंतर या स्पर्धांत उतरले.

आता करिअर. आज हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, आणि केवळ बक्षिसांवर घर चालेल असं समजू नकोस. पोट भरतं ते घोड्यांच्या कामावर: प्रशिक्षण, पशुवैद्यकी, नालबंदी, तबेल्याची व्यवस्था. म्हणून बाबांचं म्हणणं मला पटतं. नीट देऊन पशुवैद्यकाच्या पदवीला जा. तुला शिरवळचं महाविद्यालय जवळ पडेल. शिकता शिकता घोडेस्वारी सुरू कर, त्यातही ड्रेसाज. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. ती मुलं युरोपात राहून शिकली. बग्गीसाठीही तुला कधीतरी तिकडच्या तबेल्यात राबावं लागेल, आणि सुरुवात खराऱ्यापासूनच होईल.

तोवर एक काम कर. परीक्षा संपली की आजोबांचा तो साज खाली काढ. प्रत्येक पट्ट्याचं नाव, तो कुठे बसतो, किती आवळायचा, सगळं त्यांना विचारून वहीत लिहून घे.