विचारा बिनधास्त : बिनछपराचा मठ

प्रश्न : लेक-जावई इंग्लंडमध्ये लीड्सला असतात, आम्ही दोघं जाऊन आलो. तिथं कर्कस्टॉल अ‍ॅबी म्हणून ख्रिस्ती साधूंचा जुना मठ बघितला. भिंती चांगल्या उंच उभ्या आहेत, वर छप्परच नाही. कुठल्या लढाईत पडला ओ हा? आणि एवढा श्रीमंत देश, वर स्लॅब का टाकत नाहीत?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : लढाईबिढाई काही नाही काका, राजानंच बंद पाडला. हे सिस्टर्शियन पंथाचे साधू, पांढरे झगेवाले, गावगर्दीपासून लांब राहायचं, शेती करायची, मेंढ्या पाळायच्या. ११४७ ला ते आधी बार्नोल्ड्सविकला राहिले, पण तिथली हवा मानवेना आणि गावकऱ्यांशी पण पटेना, मग ११५२ ला एअर नदीकाठी इकडं आले आणि तीसेक वर्षांत मुख्य बांधकाम उरकलं सुद्धा. लोकरीत पैसा मिळाला, मध्ये कर्जात पण बुडाले.

मग आला इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. पोपशी बिनसलं, स्वतःच चर्चचा प्रमुख झाला, आणि मठांच्या जमिनींवर डोळा होताच. नोव्हेंबर १५३९ मध्ये कर्कस्टॉल सरकारजमा झाला. त्या काळी मठ बंद झाला की आधी छपरावरचं शिसं आणि घंटा उतरवायचे, वितळवलं की रोकडा पैसा! शिसं गेलं की पाऊस आत, लाकूड कुजतं, आणि दगड तर आसपासच्या लोकांनी बांधकामाला नेले. कहर म्हणजे हमरस्ताच चर्चच्या मधून जायचा, १८२७ पर्यंत. १७७९ ला टॉवरचा मोठा भाग कोसळला. शेवटी १८८९ ला कर्नल नॉर्थ नावाच्या पैसेवाल्या माणसानं तो विकत घेऊन शहराला देऊन टाकला, डागडुजी झाली, १८९५ ला लोकांना खुला केला.

आता स्लॅबचं. आहे ते टिकवायचं, नवीन काही जोडायचं नाही, असं तिथं लेखक-कलाकार विल्यम मॉरिस वगैरे मंडळींनी १८७७ मध्ये संस्था काढून लावून धरलं, आणि जुन्या वास्तू जपायचा पहिला कायदा १८८२ ला झाला. पडक्या भिंतीचा खरा वैरी म्हणजे वरून मुरणारं पाणी, म्हणून भिंतीचे माथे नीट बंद करतात आणि सांधे चुन्यानंच भरतात. सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि दगडच फुटायला लागतो. आपल्याकडं मात्र जीर्णोद्धार म्हटलं की आधी सिमेंटची पोती येतात, वर देवळाला ऑइल पेंट, मला तर बघवत नाही.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, पण १२०४ ची, म्हणजे जवळपास त्याच काळातली. ती पुरातत्त्व खात्याकडं आहे, तुमच्या तालुक्यातलं हलशीचं भूवराह नरसिंह देऊळ पण. जुन्या वास्तूंच्या आपल्याकडच्या १९५८ च्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशा वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, आणि त्याच्या पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, कुणी हलशीत देवळाजवळ प्लॉट दाखवला तर आधी टेप घेऊन मोजा.