इंजिनच्या सिलिंडर हेडमध्ये थर्मोस्टॅट हाउसिंगचा ६ मिमीचा बोल्ट तुटला आहे, ३-४ मिमी तुकडा बाहेर आहे, मेकॅनिक हेड उतरवायला सांगतोय. दुसरा मार्ग आहे का?

आहे. थर्मोस्टॅट हाउसिंगचा बोल्ट तुटला, पण ३-४ मिमी तुकडा बाहेर आहे असं तुम्ही लिहिलंय. मग हेड कशाला उतरवायचं? गॅस्केटचा, टायमिंगचा खर्च वाढेल आणि तुकडा शेवटी खाली दिलेल्या पद्धतीनेच काढावा लागेल.

आधी बोल्ट कशामुळे तुटला ते बघा. भोकाच्या कडेला पांढरी भुकटी दिसत असेल तर तो ॲल्युमिनियमचा गंज आहे. सोलापुरात उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्या जड पाण्याने कूलंटमधलं गंजरोधक पातळ होतं, लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंज धरतो आणि आट्यांत पाचरीसारखा बसतो. असा तुकडा नुसत्या पान्याच्या जोरावर येत नाही.

कूलंट काढा, रस्ट स्प्रे (गंजलेले आटे सोडवणारं तेल) मारून रात्रभर ठेवा. सकाळी स्प्रे पूर्ण पुसा, तो पेट घेतो. मग हॉट एअर गनने तुकडा नव्हे, त्याच्या भोवतीचं हेड तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचत उडाला की पुरे. जवळ पेट्रोलची लाइन असेल तर गॅसची ज्योत नको.

आता तुकडा कानशीने उजळ करा, त्यावर वायसर आणि एम-८ चा नट ठेवून नटाच्या आतून मिग वेल्डिंगने भरा. वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही. पण त्याआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) कनेक्टर काढा, वेल्डिंगची अर्थ वायर हेडलाच लावा. लाली गेली की एक-दोन मिनिटं थांबा आणि नट थोडा घट्ट, थोडा सैल असा हलवत न्या. नट निखळला तर परत वेल्ड करा. प्रत्येक वेळच्या उष्णतेने आटे आणखी सुटतात.

तुकडा पृष्ठभागाशी सपाट तुटला तर ड्रिल. इथे सगळा खेळ मध्य साधण्याचा. हाउसिंगच जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) म्हणून वापरा: बाहेरून त्याच्या भोकात घट्ट बसेल आणि आतून ३ मिमी असेल असं बुश, म्हणजे छोटी नळी, लेथवर करून घ्या. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाले आहेत, त्यांच्यासाठी हे किरकोळ काम. हाउसिंग उरलेल्या बोल्टने बसवून बुशमधून ३ मिमी भोक पाडा, मग बुश काढून ४ आणि ४.८ मिमीपर्यंत वाढवा. उरलेली पातळ साल टोकदार पंचने सोलून एम-६ × १ टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. पाण्याच्या वाटेत चिंधी कोंबा, टॅपला ग्रीस लावा म्हणजे बुरादा आत जाणार नाही.

इझी-आउट (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून तो उलटा फिरवून काढायचं हत्यार) मात्र एवढ्या बारीक बोल्टला मी लावू देणार नाही. ३ मिमीच्या भोकात मावणारा इझी-आउट काडीएवढा असतो. शिवाय तो निमुळता, म्हणून तुकड्याला आतून फुगवून आणखी आवळतो. तो आत तुटला की साधं ड्रिल त्या कडक पोलादाला ओरखडाही काढत नाही. मग कार्बाइडचं ड्रिल किंवा स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं), आणि तेव्हा बहुधा हेड खरंच उतरवावं लागतं.

भोक सरकलं किंवा आटे गेले तर एम-६ चं हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. ड्रिल साधारण ६.३ मिमी, टॅप किटमधलाच. कॉइल पृष्ठभागाखाली अर्धा आटा राहू द्या. एम-सीलने (गळती बंद करायच्या पुट्टीने) आटे भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

बसवताना नवा ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या, लांबी जुन्याएवढीच; जास्त लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो आणि हाउसिंग गळतं. साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, ते टॉर्क पान्यानेच. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावलं असेल तर ८ वर थांबा. कूलंट भरण्याआधी सिस्टीम डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर त्याच पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा.